प्रतिसाद: मदतीचा पैसा मुलांपर्यंत पोचतच नाही?

वर म्हटलंय की आफ्रिकेत गेलेला मदतनिधी मधल्यामध्येच जिरतो, मुलांच्या वाट्याला काही येत नाही. जिरतो, हे खरंच. पण इथिओपियाचं उदाहरण या सरसकट विधानात बसत नाही.

२००३ च्या सुमारास तिथल्या सरकारने दहावीपर्यंत शिकलेल्या मुली आरोग्यसेविका म्हणून निवडल्या, शक्यतो त्याच भागातल्या. वर्षभराचं प्रशिक्षण आणि नियमित पगार दिला. साधारण पाच हजार वस्तीच्या प्रत्येक 'केबेले'त (तिथला सर्वात लहान प्रशासकीय विभाग) दोघीजणी. संडास बांधून घेणं, लसीकरण, जुलाबावर जलसंजीवनी अशी कामं त्या घरोघर फिरून करत. २०१० पासून न्यूमोनिया झालेल्या बाळाला अँटिबायोटिक द्यायची मुभाही त्यांना मिळाली. डॉक्टर मंडळींना हे सहसा रुचत नाही. आपल्याकडे गडचिरोलीत बंग दांपत्याने हेच काम गावातल्या माणसांकडून करून दाखवलं, तेव्हाही शंका घेतल्या गेल्याच होत्या.

१९९० मध्ये तिथे हजारातली सुमारे २०० मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत. २०१२ पर्यंत हा आकडा ७० च्या खाली आला. श्रेय एकट्या या योजनेचं नाही, रस्ते आणि शेतीही सुधारली. पैसा बराचसा परदेशी होता, पण माणसं आणि आखणी तिथली.

खटकतं ते पुढचं. २०११ नंतर याच कामांसाठी गावोगावच्या बायकांची 'विकास सेना' उभारली, ती मात्र बिनपगारी. आधीच पाणी-सरपणात दिवस जाणाऱ्या बाईवर आणखी एक फुकटचं काम! आपल्या आशाताईंचे मोर्चे पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.