'स्लिप'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: इंग्लंडमधल्या चॅटमच्या जुन्या आरमारी गोदीवर मराठीत लिहितेय. जहाजं बांधायच्या तिथल्या 'कव्हर्ड स्लिप' प्रसिद्ध आहेत. स्लिपला 'गोदी' लिहिलं तर चालेल का? ड्राय डॉकला 'सुकी गोदी' केलंय.

गिरगावकर: चालेल की. आपल्याकडे सगळ्यालाच गोदी म्हणतात. १९४४ साली 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं ती व्हिक्टोरिया गोदी पाण्याने भरलेली, मालाची. नौदलाची डंकन गोदी सुकी. आणि 'गोदीत नोकरीला आहे' म्हणजे तर अख्खं आवार आलं.

दर्यावर्दी: म्हणूनच त्या बिचाऱ्या शब्दावर आणखी ओझं नको! सुकी गोदी म्हणजे दार असलेला खड्डा. जहाज तयार झालं की आत पाणी घ्यायचं, ते जागेवरच तरंगतं. मुंबईत जमशेटजी बोमनजी वाडियांचं 'मिंडेन' १८१० मध्ये डंकन गोदीतून असंच भरतीला बाहेर काढलं. चॅटमचं 'व्हिक्टरी'सुद्धा (१७६५) गोदीतच बांधलेलं. स्लिपचं तंत्र निराळं. तिथे जमीनच पाण्याकडे उतरती. जहाज त्या उतारावर बांधायचं, खालच्या लाकडी पट्ट्यांना चरबी चोपडायची, टेकू काढायचे की स्वतःच्या वजनाने ते घसरत पाण्यात जातं. मी 'उतरण' म्हणेन. 'जलावतरण' हा शब्द खरा शोभतो तो इथेच. मिंडेन कुठे 'उतरलं'?

शब्दवेडी: उतरण आवडलं. मग कव्हर्ड म्हणजे 'शाकारलेली उतरण'?

गिरगावकर: शाकारायला कौलं नाहीतर गवत लागतं हो.

दर्यावर्दी: तीन नंबरच्या स्लिपवर (१८३८) आधी डांबरी कागद होता, मग जस्ताचे पत्रे आले. 'छपराची उतरण' म्हणा सरळ. 'आच्छादित' नको, सरकारी निविदेतला वाटतो. छप्पर का, तेही एका वाक्यात येऊ द्या. लाकडी जहाज वर्षानुवर्षं बांधकामात उभं असायचं, पावसाने पाण्यात जायच्या आधीच कुजायला लागायचं. चार ते सहा नंबरवर १८४० च्या दशकाच्या शेवटी आणि सात नंबरवर १८५० च्या दशकात लोखंडी सांगाडे आले, त्याआधी लाकडाचीच कमाल होती. तीन नंबरच्या छपराला आतून खालून बघावं, उलट्या टांगलेल्या जहाजाच्या फासळ्याच दिसतात.

शब्दवेडी: पण त्याच तीन नंबरच्या फोटोत जमीन सपाट आहे! उतार कुठे गेला?

दर्यावर्दी: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भराव घालून बुजवला. मध्ये लोखंडी माळा टाकून कोठार केलं. छपराजवळ जाता येतं ते त्या माळ्यामुळेच. तिथे 'तीन नंबरची स्लिप' हे विशेषनाम तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तेव्हा 'जहाजाची जुनी उतरण, आता बुजवलेली' एवढं जोडा. सात नंबरला मात्र नुसतं 'उतरण' चालेल. १९६६ मध्ये कॅनडाची 'ओकानागन' पाणबुडी तिथूनच पाण्यात गेली, चॅटमला बांधलेली शेवटची.

गिरगावकर: अनेकवचन 'उतरणी' ना? 'उतरणं' नको, क्रियापद वाटेल.

दर्यावर्दी: उतरणी.