मदत हवी आहे: सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मुंबईत होलसेलमध्ये कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, विषय शाळेचा आहे पण प्रश्न बाजाराचा, म्हणून इथे टाकतोय.

माझी वहिनी मोखाडा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी आणि शिक्षक दोनच, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग एकदम सांभाळायचे, त्यात मुलं घरी वारली बोली नाहीतर क ठाकरी बोलणारी, त्यामुळे 'त्रिकोणाला तीन बाजू असतात' हे घडाघडा म्हणतात पण डोक्यात काही शिरत नाही. मग तिने काडेपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे (सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी) तुकडे जोडून आकार करायला लावले. (आयडिया टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची, १९७८ मध्ये टेल्कोतून, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून, रजा काढून होशंगाबादला शाळांमधल्या विज्ञान शिक्षणाच्या कामाला गेलेले तेव्हाची.) चौकोन जरा दाबला की कलंडतो, त्रिकोण काही केल्या हलत नाही. चौथीतला एक पोरगा वर छपराकडे बघून म्हणाला, बाई, म्हणून कैची (छपराखालची तिकोनी चौकट) अशी करतात व्हय! मला हे डिप्लोमाला कळलं होतं, तेही परीक्षेपुरतं.

देणगीत आलेला स्मार्ट टीव्ही आहे शाळेत, पण लाइट असेल तर ना.

आता घोडं अडलंय ट्यूबवर. तिकडची संपली, आणि गियरवाल्या सायकलींना ती लागतच नाही म्हणून आमच्या मुलुंडातले दुकानदार 'कोण वापरतं आता' म्हणून वाटेला लावतात. काळबादेवीला मिळेल का? आणि गुल नसलेल्या नुसत्या काड्या कुठे विकत मिळतात का, कारण सध्या वहिनी रात्री बसून ब्लेडने गुल खरवडते, मुलांच्या हातात ब्लेड द्यायचं नाही म्हणून. शनिवारी कसारा लोकल पकडून जाणार आहे, तोवर सांगा प्लीज.

प्रतिसाद: काळबादेवीलाच जा, पण शोरूममध्ये नको, जुने सुटे पार्ट विकणाऱ्यांना विचार, आणि रविवारवर ठेवू नकोस. गुल पाण्यात भिजवलं की बोटाने निघतं, ब्लेड कशाला? काड्या सावलीत वाळव. तिसरी काडी जोडायची तर ट्यूबला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाड, काडीला टोक करून आत घाल. तुकडे दीडेक सेंटीमीटरचे काप, त्याहून छोटे केले तर काड्या निसटतात.

धागाकर्ता: भारी! काटे तिकडे ढिगाने आहेत. पहिलीच्या पोरांच्या बोटांना हे जमेल का, की त्यांना दुसरं काही देऊ?