पुरीमच्या दानातले ते दोन गरीब कोण? (ठाण्यातल्या बेने इस्रायलींसाठी, म्हणजे मराठी यहुद्यांसाठी, आणि शेजाऱ्यांसाठीही)

नवगावची_नात (धागाकर्ती)

शालोम आणि नमस्कार. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुरीमच्या आधी जी जुंपली ती अजून विझलेली नाही, म्हणून भांडण इथे आणतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एस्तेर राणीने इराणी राजाचा मंत्री हामान याच्या तावडीतून यहुद्यांना वाचवलं, त्याचा हा सण. होळीच्या आसपास येतो, म्हणून आमच्याकडची जुनी माणसं त्याला होळीचा सणच म्हणायची. त्या दिवशी एस्तेरची पोथी ऐकायची, खाऊ एकमेकांकडे पाठवायचा, जेवण करायचं आणि किमान दोन गरिबांना दान द्यायचं. हे शेवटचं मर्जीवर सोडलेलं नाही, सक्तीचं आहे. मायमोनिडीसने, म्हणजे मध्ययुगातल्या मोठ्या यहुदी धर्मपंडिताने, तर लिहून ठेवलंय की जेवणावळीवर आणि खाऊवर खर्च वाढवण्यापेक्षा गरिबांच्या दानावर वाढवा.

तर ते दोन गरीब कोण? ग्रुपवर बहुतेकांचं उत्तर आलं, "आपलेच." मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं की वर्षभरातल्या दानाचा, आणि पैशाहूनही जास्त आपल्या वेळेचा, निम्मा वाटा समाजाबाहेर गेला पाहिजे. शुल्हान आरुख या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात पुरीमच्या पैशाबद्दल स्पष्ट आहे: चौकशी करत बसू नका, जो हात पुढे करील त्याला द्या. जिथे यहुदी नसलेल्यांनाही द्यायची प्रथा आहे तिथे त्यांनाही द्या.

आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा कोकणातल्या गावांनी आपल्याला थारा दिला. शनिवारी, म्हणजे आपल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून शनवार तेली म्हटलं, पण घाणा शनिवारी चालू ठेवा असं कुणी म्हटलं नाही. ठाण्यात १८७९ पासून शार हशामाईम सिनेगॉग, आपलं प्रार्थनामंदिर, उभं आहे. इतक्या वर्षांत या शहराला आपण परत काय दिलं?

(हा धागा कुठल्याही एका सिनेगॉगच्या कारभाराबद्दल नाही. कमिट्यांवर घसरायचं असेल तर वेगळा धागा काढा.)

शनवार_तेली

बाळ, शुल्हान आरुख काढलास ते बरं केलंस, पण तल्मूद या त्याहून जुन्या धर्मग्रंथातलं हेही वाच: घरचे गरीब आधी, मग गावचे, मग परगावचे. हा क्रम काही मी लावलेला नाही.

आणि घरचे गरीब म्हणजे कोण ते सांगतो. १९४८ नंतर आपली माणसं इस्रायलला जायला लागली. लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेबा. मागे राहिले त्यांची मुलंही पुढे गेली. आज ठाण्यात अशी म्हातारी माणसं आहेत, जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायला माणूस नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर दिवसातून चार वेळा थेंब घालायला माणूस नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवर दिसतो, पण व्हिडिओ कॉलवरून थेंब घालता येत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात यहुदी पाच हजारसुद्धा भरले नाहीत. दहा पुरुष जमले नाहीत तर मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची गणसंख्या, होत नाही, तोरा हा धर्मग्रंथ बाहेर काढून वाचता येत नाही. एवढ्याशा समाजाने शहराची सेवा करायची? शहराला आपली गरज नाही, म्हाताऱ्यांना आहे.

चरईतला_वाचक

मी यहुदी नाही, पण शेजारी म्हणून लिहितो. धागाकर्तीताई, "परत काय दिलं" हा प्रश्नच मला अन्यायाचा वाटतो. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले, वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा. डॉ. जेरूशा झिराड यांनी १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटल सांभाळलं, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. डेव्हिड ससून यांचं वाचनालय, पुण्याचं ससून हॉस्पिटल. आणखी किती द्यायचं?

शनवार_तेली

ससून बगदादहून आलेले यहुदी हो, बेने इस्रायली नव्हेत. त्यांची तिजोरी वेगळी, आमचा घाणा वेगळा. बाकी आभार.

आणि नावं काढताच आहात तर हाईम सॅम्युएल केहिमकरांचंही काढा. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली, ती समाजाच्या मुलांसाठी. आधी आपली मुलं शिकली, मग त्यांतून डॉक्टर आणि महापौर निघाले. मी तोच क्रम सांगतोय.

मीठबंदर

मला दोन्ही बाजूंची भीती वाटते ती एकाच कारणासाठी: बॅनर. समाजसेवा म्हटलं की आधी फ्लेक्स छापायला जातो. फळवाटप, वह्यावाटप, प्रत्येक रुग्णाच्या उशाशी पाच जण आणि सगळ्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे. तो रुग्ण केळं धरून कसनुसं हसतोय. ठाण्यात हे रोज बघतो, यात अजून एका समाजाची भर नको.

मायमोनिडीसचं नाव वर आलंच आहे. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात वरची म्हणजे माणसाला काम द्या, कर्ज द्या, धंद्यात भागी द्या, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. तिच्या खालची: देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. फळवाटप यात कुठे बसतं ते बघा.

घणसोली_नोड

मी बेने इस्रायली, वय तिशीच्या आत, आयटीत. काका रागावतील तरी लिहितो.

गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई नावाची संस्था आहे, यहुदी माणसाने सुरू केलेली. कळव्याच्या वस्त्यांतल्या मुलांना शिकवणं आणि गरम जेवण देणं हे तिचं काम. त्यासाठी परदेशातून यहुदी पोरंपोरी आली, मुलांना घेऊन बसली. कळवा! खाडीच्या पलीकडे! मी रोज लोकलने त्या वस्तीच्या कडेने जातो आणि एकदाही उतरलेलो नाही. न्यूयॉर्कचा माणूस विमानाने येऊन जे करतो ते आम्हाला पूल ओलांडून जमत नाही, याची लाज वाटते. संख्या कमी आहे हे कारण मला पुरत नाही. मलिद्याला, आपल्या पोहे-फळांच्या विधीला, माणसं जमतात, लग्नातल्या मेंदीला तर हॉल पुरत नाही.

नवगावची_नात

@शनवार_तेली काका, "गावचे गरीब परगावच्या आधी" हे तुम्हीच लिहिलंत. मग माझं गाव ठाणे. त्या हिशेबाने कळव्यातलं पोर दिमोनातल्या आपल्या नातेवाइकाच्या आधी येतं, नाही का?

शनवार_तेली

वकील व्हायला हवी होतीस. त्याच ठिकाणी आपली माणसं आधी, असंही आहे, ते सोईस्कर गाळलंस.

नवगावची_नात

आणि तल्मूदाच्या गित्तीन भागात यहुद्यांच्या गरिबांबरोबर इतरांच्या गरिबांनाही पोसा, त्यांच्या आजाऱ्यांना भेटा, त्यांच्या मृतांनाही पुरा असं आहे, ते तुम्ही गाळलंत. फिट्टंफाट.

कोपरी_पूर्व

मुद्दा कुणी काढला नाही म्हणून: सुरक्षा. २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाला. सिनेगॉगच्या दारात पोलीस बसतात ते शोभेसाठी नाही. बाहेरच्यांसाठी रक्तदान शिबिर, दवाखाना असलं काही आवारात ठेवायचं तर येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र कोण तपासणार? ज्या गरिबाकडे कागद नाही तो दारातूनच परत जाईल. बाहेर जाऊन करायचं असेल तर करा, दार उघडं टाकू नका.

नवगावची_नात

मान्य. मीही आवारात काही करा म्हटलेलं नाही. दोन हात आणि रविवारची सकाळ एवढंच मागतेय.

काका, तुमच्या म्हाताऱ्यांचं लिहिलेलं मात्र डोक्यातून जात नाहीये. मला वाटतं पैशाची अडचण त्यातल्या त्यात सुटते. जॉइंट, म्हणजे जेडीसी ही अमेरिकेतली यहुदी मदत संस्था, १९६० च्या दशकापासून आपल्या गरजूंना मदत करत आलीय. पैसा मिळेल, माणूस कुठून आणणार? आपल्यात तरुण उरलेत किती, आणि त्यातला एक तर घणसोलीला रात्रपाळी करतो. तो माणूस बाहेरूनच येणार. मग कळवा-विटाव्याच्या चार बायकांना आजारी माणसाच्या शुश्रूषेचं रीतसर शिक्षण देऊ या, त्याचा खर्च समाजाने करावा. त्यांना काम मिळेल, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर माणूस येईल. मीठबंदर यांची सगळ्यात वरची पायरीही तीच.

मीठबंदर

बॅनर लागणार नसेल तर +१.

शनवार_तेली

कागदावर छान आहे. पण तिला घर सांभाळता यायला हवं. दुधाची आणि मटणाची भांडी वेगळी, चुकून एकत्र घासली तर म्हातारी दोन दिवस जेवणार नाही. शुक्रवारी दिवे लागायच्या आत स्वयंपाक झालेला हवा. शनिवारी सुट्टी मागायची नाही, त्या दिवशीच खरी गरज. शनिवारी पगाराचा विषयही काढायचा नाही, पैशाला हात लावत नाहीत. आणि माणूस दर महिन्याला बदलायचा नाही. म्हाताऱ्यांना नवा चेहरा सोसत नाही.

घणसोली_नोड

म्हणजे काका, तुम्ही तयार?

शनवार_तेली

अटी सांगितल्या. होकार दिलेला नाही.

कोपरी_पूर्व

शिक्षणाचा खर्च समाज करेल, ठीक. नंतरचा दर महिन्याचा पगार कोण देणार, अश्दोदचा मुलगा की इथली कमिटी? हे ठरल्याशिवाय त्या बायकांना शब्द देऊ नका.