उघड्यावर उभ्या सेस्ना 172एसच्या एकाच टाकीत पाणी: उपाय काय?

वाऱ्याची_दिशा
विमान सेस्ना 172एस (एका इंजिनाचं छोटं विमान), इंधन एव्हीगॅस 100एलएल (निळ्या रंगाचं विमानांचं पेट्रोल). हँगरमध्ये जागा नाही, त्यामुळे पावसाळाभर विमान उघड्यावरच असतं. रात्री जोराचा पाऊस झाला की सकाळी डाव्या पंखाच्या ड्रेनमधून (नमुना काढायच्या तोटीतून) घेतलेल्या इंधनाच्या कपाच्या तळाशी पाण्याचे गोळे दिसतात. तीन-चार कप काढल्यावर निव्वळ निळं इंधन येतं. उजवी टाकी कोरडी. एवढं पाणी काढलं की उडायला हरकत नाही ना? आणि रात्री टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या तर हे थांबेल का?

एएमई_विदर्भ
दमट हवेतून साचणारं पाणी एकाच टाकीत आणि तेही नेमकं पावसानंतर येत नाही. हे वरून, म्हणजे झाकणातूनच शिरतंय. टाक्या भरल्याने आतली मोकळी हवा कमी होते, म्हणून दव कमी धरतं. गळक्या झाकणावर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय वापरता येणारं सुमारे 200 लिटर इंधन म्हणजे 144 किलो वजन. दोन धडधाकट माणसं आणि सामान असेल तर आधी वजनाचा हिशेब करा.

झाकण काढून सील बोटाने चाचपा. चपटी झालेली, कडक पडलेली किंवा चिरलेली सील बदलायचीच. मग झाकण बसतं ती कड पाहा: गंज, पोचा, जुन्या रबराचे तुकडे. दोष कुठे आहे ते कळत नसेल तर दोन्ही झाकणांची अदलाबदल करा. पुढच्या पावसात पाणी उजवीकडे गेलं तर झाकण खराब, डावीकडेच राहिलं तर तोंडाची कड किंवा तिच्याभोवतीचं सीलिंग. झाकणावर चिकटपट्टी लावू नका. 172एसच्या दोन्ही झाकणांतून टाकीत हवा जाण्याची सोय असते. पट्टी काढायची राहिली तर तीही बंद होईल.

धावपट्टी27
‘निळं आलं म्हणजे झालं’ असं मुळीच नाही. 172एसला 13 ड्रेन आहेत: प्रत्येक पंखाखाली 5 आणि नाकाखाली 3 (टाकी निवडायचा सिलेक्टर, मधली छोटी टाकी म्हणजे रिझर्व्हॉयर, इंधनाची गाळणी म्हणजे स्ट्रेनर). एका ड्रेनमधून पाणी आलं की तेराही तपासायचे, आणि विमान जागेवरून हलवण्याआधी. जमीन कलती असेल तर पाणी ड्रेनपासून दूर कोपऱ्यात बसून राहतं.

निर्मळ नमुना आल्यावर पंख हळूच डुलवा आणि शेपूट जमिनीपर्यंत खाली दाबा. दाब रिव्हेटच्या ओळीवर, शेपटीच्या आडव्या पंखावर नव्हे. पाणी खाली बसायला वेळ द्या (एव्हीगॅससाठी फूटभर खोलीला 15 मिनिटं धरतात) आणि सगळे ड्रेन पुन्हा घ्या. तरीही पाणी आलं तर उड्डाण रद्द, विमान एएमईकडे (विमान देखभाल इंजिनिअरकडे). इंधन भरल्यावरही तेवढंच थांबून नमुने घ्या.

सुरुवातीला इंजिन छान चालतं यावर विसंबू नका. नळ्यांत आणि स्ट्रेनरमध्ये आधीचं स्वच्छ इंधन असतं. टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं) आणि रनअप (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) त्यावर निघून जातो. टाकीतलं पाणी इंजिनपर्यंत पोचतं ते नेमकं धावपट्टीवर किंवा चढताना, तेही पूर्ण पॉवर लागते तेव्हा.

निळा_कप
एक धोका राहिला. कप पूर्ण पाण्याने भरला तर मधली रेघच दिसत नाही आणि ते स्वच्छ इंधन वाटतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरा. निळी झाक आहे का, पेट्रोलचा वास येतो का, बघा. शंका आली तर थेंब बोटावर घ्या: एव्हीगॅस गार लागून लगेच उडून जातं, पाणी राहतं. संशय असलेला नमुना टाकीत परत ओतू नका.

वाऱ्याची_दिशा
सील आणि अदलाबदल आजच बघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून उरलंसुरलं पाणी घालवता येईल का?

एएमई_विदर्भ
नको. सेस्नाच्या मॅन्युअलमध्ये ते जास्तीत जास्त 1 टक्क्यापर्यंत चालतं, पण थंडीत विरघळलेल्या पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून. तळाशी साचलेल्या पाण्यावर तो इलाज नव्हे, ते ड्रेननेच काढायचं. झाकण दुरुस्त झाल्यावर स्ट्रेनर उघडून त्याची वाटी आणि जाळीही साफ करून घ्या.