खुनी कोण ते सांगू नका! पोरांच्या वाचनकट्ट्यासाठी रहस्यकादंबरी निवडताना

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या गच्चीवर दर दुसऱ्या रविवारी अकरा पोरं जमतात. वयं तेरा ते सोळा. आठ इंग्रजी माध्यमाची, तीन मराठी. गेल्या वर्षी ठरवलं, चरित्रं-बिरित्रं बाजूला ठेवू आणि काहीतरी थरारक वाचू. पहिलीच निवड अगाथा ख्रिस्तीची, १९३९ सालची 'अँड देन देअर वेअर नन'. बेटावर अडकलेली दहा माणसं, एकेक करून मरतात. म्हटलं, एवढ्यावर पोरं जागची हलणार नाहीत.

पहिली बैठक झकास झाली. त्याच रात्री साडेअकराला एका पठ्ठ्यानं ग्रुपवर खुन्याचं नाव टाकलं. नुसतं नाव आणि पुढे हसणारा चेहरा. सकाळी पाहिलं तोवर सगळ्यांनी वाचलेलं. पुढच्या रविवारी चौघंच आली, आणि त्यांनाही बोलायला काही नव्हतं.

चूक त्या पोराची होतीच, पण मी तरी काय केलं होतं? पूर्ण दोन तास 'कोण असेल?' एवढंच विचारत बसले होते. त्या दहाही जणांवर कायद्याच्या हाती न लागलेल्या मृत्यूचा आरोप आहे. मग त्यांना शिक्षा द्यायचा हक्क कुणाला? हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाव फुटूनसुद्धा बैठक झाली असती.

यंदा परत रहस्यच घ्यायचंय, म्हणून हा धागा. पोरांबरोबर काय वाचलंत, काय जमलं, काय आपटलं ते लिहा. नुसत्या याद्या नकोत. आणि शेवट फोडू नका, पाया पडते.

वाचनालयात काम करते, शिवाजी पेठ

शेवट फोडणारे काही आजचे नाहीत हो. आमच्याकडच्या जुन्या रहस्यकथा उघडून बघा. एका पुस्तकात पान ३७ वर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारून लिहिलंय, 'हाच खुनी'. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, 'खोटं आहे, पुढे वाचा'. आणि त्याच्याही खाली शाईनं, 'दोघेही गप्प बसा'. आमच्या सुट्टीतल्या गटाला मी मुद्दाम तीच प्रत दिली. पोरं कथा कमी आणि समास जास्त वाचायला लागली. पहिल्यावर विश्वास ठेवायचा की दुसऱ्यावर, यावरून अशी जुंपली की शेजारच्या वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी दोनदा शुक् शुक् केलं.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या कथा पण देऊन बघितल्या. वेग आवडला. भाषेला हसली, पण वाईट हसली नाहीत.

निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

मोठ्यांची नेहमीची चूक म्हणजे आपल्याला लहानपणी आवडलेलं पुस्तक पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात देणं. मी नववीच्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला. माझा जीव आहे हो बन्यावर! एक मुलगा म्हणाला, "बाई, हे माझ्या धाकट्या भावाला देतो." अपमान नव्हता त्यात, खरं होतं ते. सहावी-सातवीपर्यंत फुरसुंगीचा बनेश फेणे बेस्ट, पुढे त्यांना थोडी सावली लागते.

मग अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा घेतला, तो चालला. गोष्ट सांगणारा तोपशे त्यांच्याच वयाचा, आणि फेलूदाला जे दिसतं ते त्यालाही दिसतं, फक्त अर्थ लागत नाही. मी प्रत्येकाला एक वही दिली. उलगड्याचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, पुरावे लिहायचे, मगच पुढे. एका मुलीनं चारपैकी तीन पुरावे बरोबर पकडले आणि माणूस साफ चुकीचा धरला. वर ठसक्यात, "मी तर आधीच ओळखलो होतो, लेखकच चुकला!" (बाहेरगावच्या वाचकांसाठी: होय, आमच्याकडे मुलीही 'ओळखलो'च म्हणतात.)

एक बाबा, शिरोली एमआयडीसीत नोकरी

आमच्या मुलीनं 'वन ऑफ अस इज लाइंग' सुचवलं. करेन मॅकमॅनस यांची २०१७ची कादंबरी. शाळेत शिक्षा म्हणून थांबवून ठेवलेली पाच मुलं, त्यातला एक तिथंच मरतो, उरलेल्या चौघांवर संशय. मी आधी स्वतः वाचली. दारू, प्रेमप्रकरणं, एकमेकांची गुपितं चव्हाट्यावर मांडणं, सगळं आहे. मी थेट नाही म्हणणार होतो. बायको म्हणाली, "त्यांच्या ग्रुपवर काय चालतं ते बघितलंय का कधी?" गप्प बसलो. ठरलं असं की पंधराच्या पुढच्यांनीच घ्यायची आणि प्रत्येक घरी आधी सांगायचं. दोन घरांनी नको म्हटलं. त्यांना वेगळं पुस्तक दिलं, कुणाला नावं ठेवली नाहीत.

मजा पुढेच. तो मुलगा मरतो शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीनं. झालं! "काका, शेंगदाण्यानं माणूस मरतो?" आमच्या घरात शेंगदाण्याच्या चटणीशिवाय भाकरी उतरत नाही, पोरांना पटेचना. गटातल्या एकाची आई डॉक्टर, तिला बोलावलं. घसा कसा सुजतो, श्वास कसा अडकतो, इंजेक्शन लगेच का लागतं, तिनं वीस मिनिटं सांगितलं. त्यानंतर पहिलं प्रकरण परत वाचलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

कथा चौघांच्या तोंडून आळीपाळीनं येते, म्हणून चार पोरांना चार पात्रं वाटून मोठ्यानं वाचायला लावलं. कोण खोटं बोलतंय हे डोळ्यांआधी कानाला कळतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

अकरावी, वय १६

मोठ्यांनी लिहिलेलं सगळं वाचलं. राग मानू नका, पण तुम्ही पुस्तक निवडता तेव्हा त्यात शिकवण शोधता आणि ते आम्हाला पहिल्या पानावरच कळतं. आमच्या कट्ट्यावर काकू पाच पुस्तकं आणतात, प्रत्येकाची पहिली दहा पानं वाचून दाखवतात आणि मध्येच थांबतात. मग चिठ्ठ्या, स्टीलच्या डब्यात. काकूंना एकच मत. गेल्या खेपेला त्यांचं आवडतं पुस्तक शेवटी आलं, तोंड बघायला पाहिजे होतं.

अजून एक. जाड पुस्तक बघून आम्ही घाबरत नाही. प्रकरणं लांब असली की घाबरतो. क्लास, शाळा, परत क्लास, मध्ये बसमध्ये जेवढं होईल तेवढंच वाचन. छोटं प्रकरण आणि शेवटी एक झटका, मग स्टॉप चुकला तरी चालतो.

कसबा बावडा

आमच्यात अर्धी पोरं मराठी माध्यमाची. इंग्रजी कादंबरी घेतली की ती मागच्या रांगेत जाऊन बसायची, हे तिसऱ्या बैठकीत ध्यानात आलं. म्हणून आता एक आड एक: एक मराठी, एक इंग्रजी. मराठीत सगळ्यात चाललेली म्हणजे जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला'. विज्ञानकथा म्हणून नाही, रहस्य म्हणून दिली. खोदकामात सापडलेल्या वस्तूपासून सुरुवात, आणि मग यंत्रमानव. नारळीकरांचा जन्म कोल्हापुरातला, १९३८चा, हे सांगितल्यावर एक जण म्हणाला, "मग भारी असणारच!" त्या दिवशी इंग्रजी माध्यमवाले अडखळत वाचत होते आणि मराठीवाले त्यांना शब्द सांगत होते. मला बाकी काही नको होतं.

फुलेवाडी

आमचा अनुभव फसलेला, थोडक्यात सांगतो. जुलैचा शेवट, राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळी ओलांडून गेलेलं, म्हणजे ३९ फुटांच्या वर. शाळा बंद, दिवे गेलेले. पोरं म्हणाली भयकथा वाचू. नारायण धारप काढले, मेणबत्ती लावली. दोन दिवस तीन घरांतून फोन, पोरगं एकटं संडासला जाईना. धारपांचा दोष नाही. तेरा वर्षांचा आणि सोळा वर्षांचा एकाच अंधारात बसवला, हा माझा.

धागा काढणारी, पुन्हा

वाचतेय सगळं. आमच्या पोरांनी काल डब्याची पद्धत वापरली. (अकरावीवाल्या, थँक्यू. माझंही पुस्तक शेवटीच आलं.) पहिला फेलूदा, दिवाळीनंतर मॅकमॅनस. नियम पोरांनीच केला: पुढचं वाचलेल्यानं गप्प बसायचं, आणि जो फोडेल त्यानं अकराच्या अकरा जणांना खासबागेत भेळ द्यायची. गेल्या वर्षीच्या त्या पठ्ठ्यानं नियम ऐकल्या ऐकल्या विचारलं, "मागची पण धरायची काय?"

दहा जणांनी एकदम हात वर केले.