वय ३३, बी.कॉम., साडीच्या दुकानात अकाउंट्स. आता नर्सिंगला जावं का?

कापडपेठ_सांगली

नमस्कार. सांगलीत राहते, मुलगा दुसरीत आहे. बरीच वर्षं एका साडीच्या दुकानात बिलिंग आणि जीएसटीचं काम बघते. मालक थकलेत, त्यांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्यामुळे दिवाळीनंतर दुकान बंद होणार. तेच काम दुसरीकडे मिळेल, पण मन लागत नाही. मिरजेत आत्याच्या ऑपरेशनला सोबत म्हणून राहिले होते, तेव्हापासून नर्सिंगचा किडा डोक्यात वळवळतोय.

बारावी कॉमर्स चालते का? वय आडवं येईल का? गल्लीत एक पत्रक आलंय, ‘सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी’. की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून लॅबमध्ये जाणं बरं? मिस्टरांचं म्हणणं, आधी कुणाला तरी विचार.

बिलिंग_काउंटर

ताई, हॉस्पिटलमध्येच यायचं असेल तर कोर्स कशाला? कॅशलेसच्या फायली, पॅकेजचं बिल, विमा कंपनीच्या क्वेरीला उत्तर, यासाठी आकडेमोड येणारी माणसं आम्हाला कायम कमी पडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना जिथे आहे तिथे तर कागदांचा ढीग असतो. तुम्ही जीएसटी बघता म्हणजे हे सहज जमेल. पगार फार नाही, पण पुढच्या महिन्यापासून सुरू. तीन वर्षं घरी बसून फी भरण्यापेक्षा हे बरं नाही का?

माजी_जॉबर

वरच्या दादांचं खोटं नाही. पण ताईंनी नर्सिंग विचारलंय आणि हे सांगतायत काउंटर. काचेच्या आतच बसायचं असतं तर साडीचं दुकान काय वाईट होतं?

आधी त्या पत्रकाचं बघू. त्यात शेंगदाणे बांधा. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. तसल्या कोर्सवर फार तर पेशंटचा मदतनीस म्हणून काम मिळतं. ते कामही हलकं नाही, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये तुमची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय सिस्टर म्हणून लागता येत नाही. ‘तुमच्या संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का, पत्र दाखवा’ एवढं विचारा, निम्मी दुकानं तिथेच गडबडतात.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. बारावी आर्ट्स. तिशी उलटल्यावर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं. आता डायलिसिस युनिटला आहे, पेशंट ‘ब्रदर’ म्हणतात. आई अजून शेजारणींना ‘पोरगा कंपाउंडर आहे’ असंच सांगते.

जीएनएम तीन वर्षांचं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, सायन्सवाल्यांना पसंती असते. इंग्रजी विषय हवा, ४० टक्के हवेत. वयाची कमाल मर्यादा ३५. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं आणि वर सीईटी, तो रस्ता आपल्याला बंद. डीएमएलटीही सायन्सवाल्यांचंच. एएनएम (सहाय्यक परिचारिकेचा कोर्स) दोन वर्षांचं आहे, पण तुमची तयारी असेल तर जीएनएमच करा, पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी, करता येतं.

आता एक हिशोब, तुम्ही अकाउंट्सवाल्या म्हणून सांगतो. पुढच्या वर्षी प्रवेश घेतला तर पास होईपर्यंत ३७ पूर्ण होतील. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या गटाला सर्वसाधारण मर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. खुल्या गटात असाल तर सरकारी नोकरीसाठी हातात जेमतेम एक वर्ष राहतं, तेही त्या वर्षी जाहिरात निघाली तर. म्हणजे खासगी हॉस्पिटल गृहीत धरूनच या क्षेत्रात या. तिथला सुरुवातीचा पगार मला जॉबर म्हणून मिळायचा त्याहून कमी होता, हे घरात आधी सांगून ठेवा.

वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं. ती मला ‘काका’ म्हणायची आणि अ‍ॅनाटॉमीच्या नोट्सही द्यायची. पुस्तकं इंग्रजीत, पण पाठांतराची भीती दोन-चार महिन्यांत जाते. खरी परीक्षा वॉर्डात. पहिल्या वर्षी चादर घालायची, पेशंटला कुशीवर वळवून स्पंज करायचा, बेडपॅन द्यायचं. वर्गातली काही पोरं तिथेच गळली, हुशार होती तरी.

डायलिसिसचं विचाराल तर पेशंटच्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असतो. सुया टोचण्याआधी त्यावर बोटं टेकवून थरथर बघायची, तिला थ्रिल म्हणतात. थरथर लागली नाही तर सुई बाजूला ठेवायची आणि डॉक्टरांना हाक मारायची, कारण फिस्टुला बंद पडलेला असू शकतो. चालू मागाच्या बेअरिंगवर हात ठेवून बिघाड ओळखायची सवय मला इथे उपयोगी पडली. मग चार तास मशीन. बीपी पडतं, पायात गोळे येतात, कधी पेशंट आपल्याच अंगावर ओकतो आणि वर आपल्यालाच शिव्या देतो. आठवड्यातून दोन-तीनदा तीच माणसं, त्यामुळे कुणाच्या सुनेनं काय केलं तेही कळतं.

मला हे काम आवडतं. तुम्हाला आवडेल का ते मी कसं सांगू?

वॉर्ड_इन्चार्ज

ब्रदरनी सगळं सांगितलं, कागदपत्रं सोडून. पुरुष ना!

लग्न झालेल्या मुलींचं प्रवेशाच्या वेळी इथेच अडतं. बारावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर उत्तमच. शिक्षणात खंड पडलाय म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. शेवटच्या कॉलेजातून शाळा सोडल्याचा दाखला घेतला नसेल तर आताच अर्ज टाका. राखीव गटात असाल तर जात पडताळणी, आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयरही. जूनमध्ये तहसीलला ही गर्दी असते.

दुसरं, मुलगा लहान आहे. शिकतानाही नाईट लागतात. खासगीत बऱ्याच ठिकाणी रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी असते. त्या रात्री मुलाजवळ कोण झोपणार आणि सकाळी डबा कोण करणार, हे फॉर्म भरण्याआधी ठरवा.

कापडपेठ_सांगली

सगळ्यांचे आभार. पत्रक टाकून दिलं. मार्कलिस्ट शोधली, इंग्रजीत ५२ आहेत, पण नाव माहेरचंच आहे, सिस्टर म्हणाल्या तसंच. मी खुल्या गटातच आहे, म्हणजे सरकारीचा विचार सोडून द्यायचा. बिलिंगवाल्या दादा, दिवाळी ते प्रवेश या मधल्या महिन्यांसाठी तुमच्याकडे काही असेल तर कळवा.

रात्रपाळीचं अजून घरी बोलले नाही.

वॉर्ड_इन्चार्ज

ते आधी बोला. सासूबाई तयार झाल्या तर बाकीचं जमतं.

बिलिंग_काउंटर

ताई, निरोप पाठवलाय. पण जूनमध्ये सोडून जाणार हे मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगा.