सोसायटी ग्रुप: त्या सर्वेवाल्यांना कोणी काय काय सांगितलं?

शिंदे वहिनी ए-३०२ (सायं. ५:४०)
नमस्कार. परवा दुपारी ते दोघं सर्वेवाले स्टीलचा डबा वाटत सगळ्या विंगमध्ये फिरले. त्यांनी तुमच्या घरी काय काय विचारलं ते कृपया इथं लिहा. कालपासून मला क्लासवाल्यांचे फोन सुरू झालेत. एक लातूरचा, एक नांदेडचा, एक आपल्या इथलाच. "मुलगा दहावीला आहे ना, फाउंडेशन बॅच घ्या" म्हणतात. मुलाचं नाव घेऊन बोलतात. शाळेत मिस्टरांचा नंबर आहे, माझा नाही. माझा नंबर आणि मुलाची इयत्ता एकत्र फक्त त्या सर्वेवाल्यांच्या टॅबमध्ये गेलीय. सासूबाईंनी विश्वासानं सांगितली.

राठोड बी-४०१
लातूर पॅटर्न घरपोच आला म्हणा की वहिनी 😀

शिंदे वहिनी ए-३०२
भाऊ, मस्करी नको. पोराचं नाव अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकलं की कसं वाटतं ते तुमची लेक मोठी झाल्यावर कळेल.

राठोड बी-४०१
सॉरी वहिनी.

जाधव काका बी-१०४
गेटवर रजिस्टर ठेवा, हे मी मागच्या सर्वसाधारण सभेत लेखी दिलं होतं. त्या दुपारची नोंद दाखवा.

जोशी काकू ए-१०१
माझ्याकडे आले होते. पोरं बोलायला चांगली होती, पाणी मागितलं, दिलं. किराणा कुठून घेता, तेल कोणतं वापरता असं विचारलं. मग घरात माणसं किती, कमावतं कोण, मुलगा-सून किती वाजता येतात, दुपारी कोण असतं, जन्मतारीख, कोणत्या बँकेत खातं. लाईट बिलाचा फोटो काढला, पत्ता पक्का करायचा म्हणून. डब्याचं झाकण मात्र बसत नाही.

कुलकर्णी सचिव
काकू, बँक कशाला सांगितली?

शिंदे वहिनी ए-३०२
सचिव साहेब, काकूंना विचारू नका. तेल कोणतं वापरता हे विचारणाऱ्याला बँक कशाला लागते, हे त्या पोरांना विचारायला हवं.

मुंडे सी-१०२
आज नळाला पाणी आहे का? टाकी तळाला गेलीय.

देशमुख साहेब चेअरमन
लाईनमनचा फोन आला की टाकतो. बहुतेक उद्या. विषयाला धरून बोला.

मुंडे सी-१०२
पाणी हा पण विषयच आहे साहेब.

काळे बी-३०२
सगळ्याच सर्वेवाल्यांना चोर ठरवू नका. माझं गुलमंडीत दुकान आहे, आम्ही पण गिऱ्हाइकाकडून कार्ड भरून घेतो. कोणत्या भागातून येता, काय मिळालं नाही, भाव कसा वाटला. त्याशिवाय माल कोणता भरायचा कळत नाही. मोठ्या दुकानांपुढं आम्ही टिकायचं कसं?

शिंदे वहिनी ए-३०२
काळे भाऊ, तुम्ही कार्डावर जन्मतारीख घेता का? पोरं कितवीला आहेत ते?

काळे बी-३०२
नाही. भाग आणि वयाचा गट पुरतो. मोबाईल ज्याला द्यायचा त्यानं द्यावा.

शिंदे वहिनी ए-३०२
तेच म्हणायचंय मला. जेवढं लागतं तेवढंच विचारा ना.

अ‍ॅड. पठाण सी-२०३
काळे भाऊंचं बरोबर आहे. बिल करताना मोबाईल नंबरचा हट्ट धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना मे २०२३ मध्येच सांगितलंय. नंबर दिला नाही म्हणून माल नाकारता येत नाही. आपण निमूट देतो म्हणून मागतात.

जाधव काका बी-१०४
गेटवर रजिस्टर ठेवा, हे मी मागच्या सर्वसाधारण सभेत लेखी दिलं होतं.

देशमुख साहेब चेअरमन
काका, रजिस्टर आहे. वॉचमन त्या वेळी टँकरच्या पाइपला होता.

जाधव काका बी-१०४
मग गेटवर कोण होतं? कोणीच नव्हतं म्हणा ना सरळ. उगी काही सांगायलेत.

गायकवाड ताई सी-४०२
मी बँकेत आहे म्हणून सांगते. जन्मतारीख साधी गोष्ट नाही. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. अनेक बँकांच्या स्टेटमेंटचा पासवर्डही नाव आणि जन्मतारखेवरूनच बनतो. नाव, जन्मतारीख, मोबाईल आणि बँक हे चारही एका ओळीत कोणाच्या हाती लागलं, की तो फोनवर "काकू, तुमच्या खात्याचं केवायसी संपलंय" असं इतक्या खात्रीनं बोलतो, की माणूस फसतोच. काउंटरवर रडत आलेली माणसं मी पाहिलीत. त्यात शिकलेलेही असतात.

गायकवाड ताई सी-४०२
आणि लाईट बिल. त्यावर ग्राहक क्रमांक, नाव, पत्ता सगळं असतं. "बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" हे मेसेज आठवतात ना? महावितरणला लोकांना सावध करावं लागलं होतं. तसल्या मेसेजमध्ये आपला खरा ग्राहक क्रमांक आला तर कोण शंका घेईल?

जोशी काकू ए-१०१
अगं बाई.

शिंदे वहिनी ए-३०२
काकू, घाबरू नका. काही झालेलं नाही. फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही, कुठलं ॲप घ्या म्हणाले तर घ्यायचं नाही. फोन ठेवून मला हाक मारा, मी वरच आहे.

अ‍ॅड. पठाण सी-२०३
पैसे गेलेच कोणाचे तर १९३० ला लगेच फोन. उशीर केला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

राठोड बी-४०१
मला पण विचारलं होतं. मी पगार पाच लाख महिना सांगितला, जन्म १९४७. घेऊ दे लिहून 😀

मुंडे सी-१०२
पाच लाख पगार आणि मेंटेनन्स थकीत?

राठोड बी-४०१
ते कुठून कळलं तुम्हाला?

मुंडे सी-१०२
लिफ्टजवळ बोर्डावर लिहिलंय ना. लाल अक्षरात.

शिंदे वहिनी ए-३०२
थांबा. माझ्या दारात आले तेव्हा सासूबाईंना विचारण्याआधीच "शिंदे मॅडमचं घर ना" म्हणाले होते. दारावर पाटी नाही आमच्या, रंगकामाला काढलीय. नंबरही त्यांच्याकडे आधीच होता, सासूबाईंनी फक्त हो म्हटलं.

गायकवाड ताई सी-४०२
त्यातला एक जण लिफ्टपाशी बोर्डाचा फोटो काढत होता. मला वाटलं त्यांच्या कंपनीची काही नोटीस लावली असेल. त्या यादीत नाव, फ्लॅट, मोबाईल, सगळं आहे.

कुलकर्णी सचिव
यादी कमिटीच्या ठरावानं लावलीय. सगळ्यांनी वेळेवर भरलं तर लावायची वेळच येणार नाही.

काळे बी-३०२
सचिव साहेब, माझा पार्किंगच्या पत्र्याचा विषय तुम्हाला माहीत आहे. तो सुटेपर्यंत मी वरचे पैसे भरणार नाही, हे लेखी दिलंय. तरी लाल अक्षरात? पाव्हणेरावळे येतात हो घरी.

कुलकर्णी सचिव
पत्र्याचा विषय मीटिंगमध्ये काढा. इथं नको.

काळे बी-३०२
मीटिंगला कोरम होतोय का कधी?

देशमुख साहेब चेअरमन
दोघांनाही विनंती 🙏

जाधव काका बी-१०४
रजिस्टर असतं तर ती पोरं बोर्डापर्यंत पोचलीच नसती. मागच्या सर्वसाधारण सभेत लेखी दिलं होतं.

शिंदे वहिनी ए-३०२
काका, तुमचं रजिस्टर हवंच. पण रजिस्टरमध्ये नाव लिहून ती पोरं आत आली असती आणि हेच सगळं विचारून गेली असती. मला काय म्हणायचंय ते एकदा नीट लिहू द्या.

शिंदे वहिनी ए-३०२
बोर्डावरून नाव आणि नंबर. काकूंकडून घर दुपारी कधी रिकामं असतं ते. माझ्या सासूबाईंकडून पोराची इयत्ता. लाईट बिलावरून पत्ता. ज्याला त्याला वाटलं, एवढं सांगितलं तर काय बिघडतं. त्या टॅबमध्ये मात्र प्रत्येक घराची एक सलग ओळ झाली. माझ्या ओळीतून माझ्या पोराचं नाव क्लासवाल्यांपर्यंत गेलं. काकूंच्या ओळीत लिहिलंय की वयस्कर बाई दुपारी एकटी असते. ती ओळ कोणापर्यंत जाईल? मला काल रात्री झोप लागली नाही ती यामुळं. क्लासचा फोन कट करता येतो.

गायकवाड ताई सी-४०२
खरं आहे वहिनी.

राठोड बी-४०१
वहिनी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी आई पण दुपारी एकटीच असते.

मुंडे सी-१०२
तुम्ही म्हणता ते पटतं, पण मग जनगणनेवाले आले तरी दार लावायचं का? जानेवारी २०२४ ला मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाला शाळेच्या मॅडम आल्या होत्या, त्यांनी तर शेती, घर, लग्न, कर्ज सगळं विचारलं. तेव्हा दिलंच ना आपण?

अ‍ॅड. पठाण सी-२०३
मुंडे साहेब, दोन्ही एका तागडीत टाकू नका. जनगणनेला १९४८ चा कायदा आहे. त्यात उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक, आणि ते गुप्त ठेवणं त्यांच्यावर. तुमचा तक्ता कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. प्रगणकाकडे ओळखपत्र असतं, ते बघून खुशाल माहिती द्या. डबा वाटणाऱ्याला एकही उत्तर द्यायचं बंधन नाही.

मुंडे सी-१०२
बरं. आणि ते आधारचा फोटो मागत होते, डब्याच्या पावतीसाठी.

अ‍ॅड. पठाण सी-२०३
आधार सक्तीनं मागायचा खासगी कंपन्यांचा रस्ता सुप्रीम कोर्टानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बंद केला. त्याच्या आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून सांगितला. कुठं द्यावंच लागलं तर मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. डब्यासाठी तेही नको.

कुलकर्णी सचिव
वकील साहेब, तो नवा डेटाचा कायदा लागू आहे का? २५० कोटी दंड वगैरे वाचलं होतं.

अ‍ॅड. पठाण सी-२०३
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ऑगस्ट २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या कलमांसाठी कंपन्यांना १८ महिने मिळालेत. म्हणजे आज लगेच कोणाला दंड बसेल अशी आशा नको. २५० कोटी ही वरची मर्यादा आहे, आणि ती रक्कम आपल्याला मिळत नाही. पण कायदा काय म्हणतो ते पत्रात लिहिता येतं. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी, आणि लागेल तेवढीच माहिती. संमती दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती असेल तर आई-वडिलांची खातरजमा केलेली संमती. आजीनं दारात सांगितलं, ही ती संमती नाही. आणि संमती मागतानाची सूचना मराठीतही मागता येते, हे लक्षात ठेवा.

मुंडे सी-१०२
टँकर आलाय का? हॉर्न ऐकू आला.

राठोड बी-४०१
शेजारच्या सोसायटीचा आहे.

काळे बी-३०२
पत्र कोणाला लिहायचं पण? कंपनीचं नाव कोणाकडे आहे?

जोशी काकू ए-१०१
डब्याच्या खाली चिकटवलेलं आहे. पत्ता पण आहे. फोटो टाकू का?

शिंदे वहिनी ए-३०२
काकू, मला एकटीला पाठवा. आपल्याला खात्री होईपर्यंत ग्रुपवर कोणाचं नाव नको. क्लासवाल्यांना नंबर त्यांनीच दिला हे अजून सिद्ध व्हायचंय, पत्रात आधी तेच विचारू.

अ‍ॅड. पठाण सी-२०३
मसुदा टाकतो, दुरुस्त्या सांगा.

"आपल्या प्रतिनिधींनी आमच्या सोसायटीत ग्राहक सर्वेक्षण केलं. खाली सही करणाऱ्या घरांची कोणती माहिती आपल्याकडे आहे, ती कोणाकोणाला दिली, आणि इमारतीच्या फलकावरून काढलेल्या फोटोचा वापर कशासाठी केला, हे लेखी कळवावं. आम्ही दिलेली संमती मागे घेत आहोत. वीजबिलांचे फोटो, जन्मतारखा, बँकेची नावं, मुलांची माहिती आणि घरी कोण केव्हा असतं याच्या नोंदी पुसून टाकाव्यात आणि पुसल्याचं कळवावं. उत्तर मराठीत द्यावं."

गायकवाड ताई सी-४०२
"ज्यांना माहिती दिली त्यांनाही पुसायला सांगावं" हे घाला.

अ‍ॅड. पठाण सी-२०३
घातलं.

कुलकर्णी सचिव
सोसायटीच्या लेटरहेडवर द्यायचं तर कमिटीचा ठराव लागेल.

शिंदे वहिनी ए-३०२
लेटरहेड नको. ज्याची माहिती गेली त्यानं सही करायची. तुम्ही फक्त बोर्डावरची यादी आज काढा.

कुलकर्णी सचिव
थकबाकी कळवायची कशी मग?

अ‍ॅड. पठाण सी-२०३
ज्याची आहे त्याला पत्र द्या किंवा वैयक्तिक मेसेज करा. बोर्डावर मोबाईल नंबर कशाला लागतो, ते मला अजून कळलेलं नाही.

देशमुख साहेब चेअरमन
यादी मी स्वतः आत्ता काढून आणली. वॉचमनला सांगितलंय, सर्वे, विक्री, गिफ्ट, कोणीही असो, ज्या घरी जायचं त्या घराला आधी इंटरकॉम. टँकरच्या वेळी गेटला कुलूप. जाधव काका, रजिस्टर उद्यापासून तुम्ही रोज संध्याकाळी तपासाल का?

जाधव काका बी-१०४
तपासीन की. पण माझं लेखी होतं हे मिनिट्समध्ये घ्या.

काळे बी-३०२
माझी सही घ्या. आणि माझ्या दुकानाच्या कार्डावरची वाढदिवसाची ओळ पुढच्या छपाईत काढतो. काही उपयोग नसतो तिचा.

मुंडे सी-१०२
सही माझी पण. साहेब, पाण्याचं?

देशमुख साहेब चेअरमन
उद्या पहाटे सोडणार म्हणाला लाईनमन. मोटारी लावायच्या नाहीत.

जोशी काकू ए-१०१
माझी सही घ्या. दुपारी एकटी असते ते आधी पुसायला सांगा.

शिंदे वहिनी ए-३०२
काकू, तीच ओळ पहिली घेतलीय. पत्राची प्रिंट माझ्याकडे आहे. रात्री नऊपर्यंत ए विंगनं माझ्या घरी येऊन सह्या कराव्यात, बी आणि सी विंगला गायकवाड ताई कागद घेऊन येतील. सहीसमोर फक्त फ्लॅट नंबर लिहा, मोबाईल लिहू नका. उद्या स्पीड पोस्टानं पाठवते, पोचपावती आली की इथं टाकते.